‘गोमेद’ या नावाचा अर्थ काय? आणि गोमेद म्हणून झिरकॉन मिळतो का?

प्रश्न – रानवाट
गोमेद म्हणजे ‘गायीची चरबी’ असं कोशात दिलंय. पण चरबी पांढरी आणि हा खडा तर मधासारखा तांबूस! मग हे नाव कसं पडलं? शिवाय एका दुकानात हेसोनाइट म्हणतात, दुसऱ्यात झिरकॉन. दोन्ही एकच का?

कसोटी
मेद म्हणजे चरबीच, कोश बरोबर आहे. फक्त गायीची चरबी पांढरी नसते. चाऱ्यातलं कॅरोटीन गायीच्या मेदात साठतं, म्हणून ती पिवळसर असते. गायीचं तूप पिवळं आणि म्हशीचं पांढरं, त्याचं कारणही हेच. रसशास्त्राच्या (आयुर्वेदातल्या खनिज-औषधांच्या शास्त्राच्या) ग्रंथांत गोमेदाला गोमूत्राच्या छटेचाही म्हटलंय. म्हणजे जुना गोमेद पिवळट मधाळ. आजचा गडद तांबूस खडा त्या वर्णनाच्या एका टोकाला येतो.

हेसोनाइट हा गार्नेट या खनिजगटातला खडा. हे नाव आउई या फ्रेंच खनिजशास्त्रज्ञाने दिलं. त्याचं मूळ ग्रीक, अर्थ ‘कमी’. इतर गार्नेटपेक्षा हा हलका आणि थोडा मऊ, म्हणून.

जरतारी
झिरकॉन वेगळं खनिज आहे. हे नाव फारसी ‘जर’ म्हणजे सोनं, त्यावरून आलं असं मानतात. आपल्या जरीतला जर तोच. रंग जुळतो म्हणून दोन्ही गोमेद म्हणून विकले जातात. मात्र ‘अमेरिकन डायमंड’ म्हणजे झिरकॉन नव्हे, तो कारखान्यात बनतो.

आयग्लास (दहापट मोठं दाखवणारं भिंग) लावून वरच्या पैलूतून खालच्या पैलूंच्या कडा बघा. झिरकॉनमध्ये त्या दुहेरी दिसतात. एका दिशेने दुहेरीपणा नाहीसा होतो, म्हणून खडा फिरवून बघायचाच. हेसोनाइटमध्ये कडा एकेरी, पण आतला भाग पाकात पाणी ओतल्यासारखा लहरता दिसतो.

कसोटी
यात एक भर. हेसोनाइटमध्ये बारीक गोलसर स्फटिक असतात. त्यांना बुडबुडे समजून चांगला खडा काच म्हणून नाकारला जातो. काचेतला बुडबुडा स्वच्छ गोल, काळ्या ठळक कडेचा आणि मध्ये उजळ असतो.

खडा सुटा असेल तर वजनाची कसोटी करा. हवेत १.१० ग्रॅम (५.५ कॅरेट) भरणारा हेसोनाइट दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवून तोलला की साधारण ०.८० भरतो. म्हणजे पाण्यात घट ०.३०. हवेतलं वजन भागिले घट, १.१० भागिले ०.३० म्हणजे ३.६७; खडा पाण्याच्या इतका पट जड. हेसोनाइट ३.६५ च्या आसपास येतो, झिरकॉन बहुधा ४.६ ते ४.७. खड्याला हवेचे बुडबुडे चिकटले तर आकडा खाली येतो. पाण्यात साबणाचा एक थेंब टाका. ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर दोन कॅरेटच्या आतला खडा तोलू नका. तिथे पाण्यातली घट इतकी कमी असते की काट्याची चूकच उत्तर बदलते.

रानवाट
माझा खडा अंगठीत जडवलेला आहे. काढावा लागेल?

जरतारी
वजनासाठी हो. पण आधी आयग्लासनेच बघा. कडा दुहेरी दिसल्या तर तो हेसोनाइट नाही, मग खडा उपसायची गरजच नाही. पैलूंच्या धाराही बघा: झिरकॉन ठिसूळ, त्याच्या धारा झिजून खरबरीत होतात.