कृष्णविवर दिसतच नाही, मग आहे हे कशावरून?

गच्चीवरचा_गणू: मंडळी बेसिक प्रश्न आहे, हसू नका. काल जेवताना भाचीने विचारलं, मामा त्यातून प्रकाशपण बाहेर येत नाही तर ते आहे हे कळलं कसं? मी कृष्णविवराचा २०१९ चा तो नारिंगी फोटो दाखवला तर म्हणते हा मेदुवडा आहे. गप्पच बसलो. पण फोटोच्या आधीपण शास्त्रज्ञ ठामपणे सांगायचेच ना, ते कशाच्या जोरावर?

धनुरास: फोटो ठेव बाजूला, तिला एस-२ ताऱ्याची गोष्ट सांग. आपल्या आकाशगंगेच्या मध्यावर, धनु राशीच्या दिशेला, २६-२७ हजार प्रकाशवर्षं लांब. मधे एवढी धूळ की साध्या प्रकाशात काही दिसत नाही, म्हणून इन्फ्रारेडमधे बघतात. खगोलशास्त्रज्ञ राइनहार्ड गेंझेलची टीम चिलीतल्या दुर्बिणीतून आणि आंद्रेया गेझची हवाईतून, १९९० च्या दशकापासून वर्षानुवर्षं तेच ते ठिपके टिपत बसली. हा तारा १६ वर्षांत एक फेरी मारतो आणि मे २०१८ ला सगळ्यात जवळ आला तेव्हा वेग सेकंदाला साडेसात हजार किमीच्या वर, म्हणजे एका सेकंदात मुंबई-पुणे पंचवीस वेळा जाऊन येऊन! आणि फिरतोय कशाभोवती, तर तिथे ताराबिरा काही नाहीच. गोफण फिरवणारा अंधारात असला तरी दगडाच्या वेगावरून त्याचा जोर कळतो ना, तसं गणित केलं तर वजन निघालं ४० लाख सूर्यांहून जास्त. २०२० चं अर्धं नोबेल या दोघांना त्यासाठीच.

शंकासूर: वजन आहे मान्य, पण विवरच कशावरून? विझलेल्या ताऱ्यांचा ढीग असेल की.

धनुरास: रास्त शंका. पण एस-२ जितक्या जवळून गेला ते अंतर सूर्य-नेपच्यूनच्या फक्त चौपट आहे रे, म्हणजे सगळं वजन त्याच्याही आत. एवढ्याशा जागेत लाखो तारे कोंबले तर एकमेकांना ढकलून ढीग कधीच विस्कटला असता.

औंढेकर: १४ सप्टेंबर २०१५ विसरलात की काय! दोन विवरं कधीकाळी एकमेकांवर आदळली होती, २९ आणि ३६ सूर्यांएवढी, आणि तीन सूर्यांएवढं वस्तुमान गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशालाच बसणारे हेलकावे, होऊन गेलं. अमेरिकेतल्या लायगो या लहरी टिपणाऱ्या प्रकल्पाच्या दोन्ही यंत्रांनी त्या दिवशी ते पकडलं. आता तसंच यंत्र आमच्या हिंगोलीत औंढ्याजवळ होतंय, हे मी सगळीकडे सांगत असतो, सवय आहे.

गच्चीवरचा_गणू: धन्यवाद लोकहो. गोफणीचं सांगितलं तर म्हणते, मामा गोफण म्हणजे काय? आता दोरी शोधतोय.