चार एकराला जुना छोटा ट्रॅक्टर: घ्यावा की भाड्यावरच भागवावं?

गिरणाकाठ (भडगाव)
राम राम मंडळी. शेती चार एकर. दीड एकर केळीची मृग बाग, बाकी कपाशी. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदाराचं साल संपलं, तो सुरतेला गेला, दुसरा भेटला नाही. बैलजोडी त्याआधीच विकलेली. परवा चाळीसगावकडे एका जुन्या गाड्यावाल्याकडे छोटा ट्रॅक्टर बघून आलो. 15 एचपी, एक सिलिंडर, 2016 चं मॉडेल, मीटरवर 900 तास, मागे रोटाव्हेटर. नाशिककडच्या द्राक्षबागेतला आहे म्हणे. मागतो 1,90,000. माझं मन बसलंय, घरच्यांचं नाही. काय करू?

तापीपल्याड (यावल)
घरचे बरोबर आहेत भो. केळीत ट्रॅक्टर फिरतो किती दिवस? पाच बाय पाच फुटांची लागण असली तर पहिले तीन-चार महिने. एकदा पानाला पान लागलं की बांधावर उभा. कपाशीचंही तेच, झाड पसरलं की आत जाता येत नाही. चार एकराला वर्षाचे 40 तास धर. आमच्याकडे रोटाव्हेटरचा भाव 700 रुपये तास, डिझेल त्याचं. झाले 28,000. तुझे 1,90,000 वसूल व्हायला पावणेसात वर्षं, त्यात तुझं डिझेल, टायर, मिस्तरी धरलेच नाहीत. दारात ट्रॅक्टर दिसला की सोयरे जरा मान देतात, तेवढाच नफा.

काळीमाती (पारोळा)
आप्पा, तुमचा हिशोब वहीत बरोबर, वावरात नाही. आमच्या काळ्या जमिनीत वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, दोन दिवस टिकतो, आणि त्या दोन दिवसांत अख्ख्या गावाला ट्रॅक्टर पाहिजे असतो. मागच्या श्रावणात उघडीप मिळाली, भाड्याचा गडी "उद्या येतो, उद्या येतो" करत चौथ्या दिवशी आला, तोही पाऊस घेऊनच. तण गुडघ्याला लागलं. 22 बाया लावून निंदणी केली, 300 रुपयांप्रमाणे 6,600 एका फेरीचे. ते तुमच्या 28,000 मध्ये कुठे बसतात? वेळेवर झालेली डवरणी भाड्याने मिळत नाही. घेऊन टाका.

तापीपल्याड (यावल)
वेळेचं मान्य. पण तुमच्याकडे ट्रॅक्टर नवा की जुना? जुना ऐन वाफशाला बंद पडला तर बायाही लावायच्या आणि मिस्तरीच्या पायाही पडायचं.

काळीमाती (पारोळा)
जुनाच. सहावं वर्ष. एकदा क्लच प्लेट, एकदा बॅटरी. बस.

पान्हा (साक्री)
मी मिस्तरी आहे, दुसरं काही कळत नाही. मॉडेल कोणत्या सालचं ते नंतर, आधी गाडी कुठे राबली ते विचारा. द्राक्षबागेतला ट्रॅक्टर म्हणजे मागे ब्लोअर, औषध फवारायचं यंत्र. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्यांवर फवारण्या, आणि पीटीओ (यंत्र फिरवणारा मागचा दांडा) मिनिटाला 540 फेऱ्यांवर ठेवायचा म्हणून इंजिन तासन्‌तास चढ्या रेसवर. अशा गाडीचे इतक्या वर्षांत 900 तास? मला पटत नाही. मीटरची केबल काढणं दोन मिनिटांचं काम आहे. क्लच पेडलचं रबर बघा. लिंकच्या पिना जिथे बसतात ती भोकं बघा. रबर गुळगुळीत आणि भोकं लांबट झाली असतील तर मीटर खोटं बोलतोय.

गाडी सकाळी थंड असताना जाऊन चालू करा, आधीच तापवून ठेवलेल्या गाडीत दोष लपतात. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण सैल करा, आतून धुराचा भपकारा आला तर बोअर-पिस्टनचं काम निघालं समजा. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. रोटाव्हेटर उचलून इंजिन बंद करा, चहा पिऊन या. तेवढ्यात खाली टेकला तर हायड्रॉलिकचा खर्च. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ऑइल पाझरलेलं दिसलं तर एक्सलचं सील गेलंय. पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून हलवा, खडखड झाली तर किंगपिन, बुश. हे शेवटचं स्वस्तातलं काम, त्यावरून भाव पाडून घ्या.

धुळेकर आबा
मी तं सांगस, नवंच ल्या भाऊ. जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्क्यांवर आला. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करा, अनुदान नव्यालाच मिळतं, जुन्याला नाही. जुनं ते जुनंच शे.

काळीमाती (पारोळा)
आबा, अनुदान मागून येतं, ट्रॅक्टरचे पैसे आधी लागतात.

बाराखडी (नंदुरबार)
कागदाचं कोणीच बोललं नाही. आरसी बुकावर बँकेचा बोजा आहे का बघा. असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर मालकाची सही घ्या, आणि मालक म्हणजे आरसीवर ज्याचं नाव आहे तो, हा गाड्यावाला नव्हे. नाशिकची पासिंग असेल तर तिथल्या आरटीओची एनओसीही लागते का, ते आधी विचारून घ्या. नुसत्या स्टँपपेपरवर घेतलेल्या गाडीने रस्त्यावर काही केलं तर पोलीस जुन्या मालकाच्या दारात आणि तो तुमच्या.

गिरणाकाठ (भडगाव)
आज जाऊन आलो. मिस्तरीदादा, तुम्ही म्हणालात म्हणून न सांगता साडेसहालाच पोचलो. तरी गडी माझ्या आधी उठलेला. चहा सांगितला त्याने, मी ट्रॅक्टरजवळ गेलो, सायलेन्सरला हात लावला तर चटका बसला. "रात्री पाऊस होता, म्हणून जरा चालू करून बघितला," म्हणतो. अंगणात तर धूळ होती.

रबर गुळगुळीत आहे. आरसी मागितली तर "नाशिकला आहे, मागवतो".

चहा पिला आणि परत आलो. काळीमातीदादा, तुमच्याकडे कोणी घरचा, वापरातला काढणार असेल तर कळवा. भाव थोडा जास्त असला तरी चालेल, गाडी थंड पाहिजे.