पोकरमध्ये पॉट ऑड्स (टाकायच्या चिप्सना पॉटातून मिळणारा भाव) जुळत नसताना कॉल केला (समोरच्यानं लावले तेवढे टाकले), पत्ता आला. मग निर्णय बरोबर कसा?

धरमपेठी:
शनिवारी आमच्या टेबलावर एका हातावरून जुंपली ती अजून मिटलेली नाही. पैसे लावत नाही, नुसत्या चिप्स; हरेल त्यानं सकाळी सगळ्यांना तर्री-पोहे खिलवायचे.

खेळ टेक्सास होल्डेम, म्हणजे ज्यात हातात दोन पत्ते आणि टेबलावर सगळ्यांचे पाच उघडे पत्ते असतात ते पोकर. मित्राच्या हातात बदाम गुलाम आणि बदाम छक्की. फ्लॉपला (पहिले तीन उघडे पत्ते) बदाम राजा, बदाम दश्शी, किलवर चौकी. टर्नला (चौथा पत्ता) इस्पिक दुर्री. पॉटमध्ये (मधल्या ढिगात) ६००, समोरच्यानं ३०० लावले. म्हणजे ३०० टाकून ९०० जिंकायचे. आपले धरून पॉट होतो १२००, त्यात आपला वाटा पाव. चारातून एकदा तरी हात लागला पाहिजे, २५ टक्के. अजून एक बदाम आला की पाच बदामांचा फ्लश होतो; बदामाचे उरलेत ९ पत्ते, न दिसलेले एकूण ४६. साडेएकोणीस टक्के. भाव परवडत नाही, पॅक करा (हात सोडा), विषय संपला.

भाऊनं कॉल केला, रिव्हरला (पाचवा, शेवटचा पत्ता) बदाम आला, आणि आता कॉलर ताठ करून फिरतोय. पत्ता आला म्हणून निर्णय बरोबर ठरत नाही, एवढंच माझं म्हणणं.

नवा गडी:
पण झटपट हिशेबानं ९ गुणिले ४ म्हणजे ३६ टक्के होतात ना? मग तर डोळे मिटून कॉल!

धरमपेठी:
चारानं गुणायचं ते फ्लॉपवर, दोन पत्ते यायचे असताना, आणि तेही दोन्ही पत्ते त्याच भावात बघायला मिळणार असतील तर. म्हणजे कोणीतरी ऑल-इन गेलेला (सगळ्या चिप्स टाकलेला) असेल तेव्हा. टर्नवर एकच पत्ता उरतो, तिथं दोनानं गुणा. १८ येतात, खऱ्या आकड्याच्या जवळच.

महालचा पोट्टा:
अबे भाऊ, विषय तिथं कायले संपते? समोरच्याकडे मागे किती चिप्स उरल्या होत्या ते काहून लपवून राहिला?

धरमपेठी:
लपवतो कशाला. ५००.

महालचा पोट्टा:
मग हिशेब पुरा कर ना बे. ४६ वेळा खेळलं तर ३७ वेळा ३०० जातीन, म्हणजे ११,१००. ते उरलेल्या ९ वेळात वसूल करायचे तर दर खेपेला १,२३३ पाहिजे. ९०० तर समोर पडूनच आहेत. म्हणजे रिव्हरवर सरासरी ३३३ अजून निघाले की बरोबरी, आणि त्याच्याजवळ ५०० होते. यालेच इम्प्लाइड ऑड्स म्हणतेत. आपल्याकडचे पोट्टे एक जोडी घेऊन शेवटपर्यंत बसतेत, पॅक करायचा म्हटलं की जिवावर येते. तिथं फक्त पॉटातलं पाहून फेकणारा माणूस घाटा करून घेते.

गणितवाली ताई, प्रतापनगर:
आकडेमोड बरोबर आहे, गृहीतक सैल आहे. ५०० मधून सरासरी ३३३ काढायचे म्हणजे त्यानं दर तीन वेळांपैकी दोनदा सगळ्या चिप्स टाकायला हव्यात. टेबलावर तिसरं बदाम उघडं पडलेलं त्यालाही दिसतंच की.

शिवाय ९ पत्ते खरंच ९ आहेत का? त्याच्या हातात राजांची जोडी असेल, म्हणजे तीन राजे लागलेले असतील, तर बदाम चौकी किंवा बदाम दुर्री आली की तुमचा फ्लश होतो आणि त्याचं फुल हाऊस (तीन सारखे आणि एक जोडी, फ्लशच्या वरचा हात). तुमच्या कामाचे उरले ७. दोन राजे त्याच्या हातात, म्हणून न दिसलेले ४४; आता ३७ वेळा ३०० गेले, ११,१०० झाले. ७ वेळात काढायचे तर दर वेळी १,५८६. पॉट वजा जाता ६८६. त्याच्याकडे आहेत ५००. आणि बदामाचा एक्का किंवा राणी धरून तोही फ्लशचीच वाट बघत असेल, तर तुमचा गुलामाचा फ्लश लागूनही तुम्हीच बुडणार. तीन राजे काही दरवेळी नसतात, कबूल. पण ९ ही वरची मर्यादा आहे, आणि टेबलावर सगळे तिलाच खात्री समजून हिशेब मांडतात. माझ्या मते पॅक, आणि कौतुक करायचंच तर ३०० लावणाऱ्याचं करा. त्यानं २०० लावले असते तर २०० टाकून ८०० मिळत होते, २० टक्क्यांत काम भागलं असतं आणि कॉल जवळजवळ फुकट पडला असता. अर्धा पॉट लावून त्यानं तोच पत्ता महाग केला. पूर्ण ६०० लावले असते तर ३३ टक्के लागले असते.

सदरचे काका:
तुमचं पोकर तुम्हालेच लखलाभ. आम्ही जन्मभर तीन पत्ती खेळलो, दिवाळीच्या रात्री कोणी भागाकार करत बसला नाही. माणसाचं तोंड वाचावं लागते.

गणितवाली ताई, प्रतापनगर:
काका, शो मागताना तुम्ही हेच करता. पॉटमध्ये २०० आणि शोला ४० लागत असतील तर सहातून एकदा जिंकलात तरी बरोबरी होते. तेवढ्यासाठी पडक्या जोडीवरही शो मागावासा वाटतो तो उगाच नाही. तोंड वाचून फक्त एवढंच ठरतं, की तुमची संधी त्या सहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त की कमी.

सदरचे काका:
हे मान्य. पण समोरचा थापा मारून राहिला हे भागाकार सांगत नाही.

महालचा पोट्टा:
काकांचं बरोबर! समोरचा माणूस कसा होता ते सांग धरमपेठी. सोडणारा की बसणारा?

नवा गडी:
हे कोणत्या अ‍ॅपवर शिकता येईल?

धरमपेठी:
पैशाचे ऑनलाइन डाव ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानं बंद झाले, ते शोधू नकोस. पत्त्यांचा एक कॅट आण, घरी वाटून बघ.

महालच्या भाऊसाठी: बसणाराच होता. आणि तरीही रिव्हरला बदाम पडल्यावर आपल्या गड्यानं ४०० लावले, तर समोरच्यानं तोंड वाकडं करून पॅक केलं. वर एक चिप मिळाली नाही. ३३३ पाहिजे होत्या, आल्या शून्य. झालं समाधान?

महालचा पोट्टा:
वा रे वा! पत्ता आला म्हणून निर्णय बरोबर ठरत नाही म्हणते, आणि एकदा त्यानं पॅक केलं तर लगेच आमचा निर्णय चूक? एका हाताचा पुरावा तुले चालते, मले नाही?

गणितवाली ताई, प्रतापनगर:
हा मुद्दा त्याचा आहे, धरमपेठी. माझं मत पॅकचंच, पण तुमच्या या पुराव्यावर नाही. तिसरं बदाम पडल्यावर तो समोरचा गडी आजवर किती वेळा चिप्स टाकत आलाय, हे तुमच्यापैकी कोणाच्या लक्षात आहे का?