‘फॉर्मल मॉडेल’मधल्या ‘फॉर्मल’ला मराठीत काय म्हणावे?

सांगलीहून प्रश्न:
दूरसंचार सेवांची आखणी आकृत्यांच्या आधारे कशी करतात, याविषयी मी विद्यार्थ्यांसाठी मराठीत टिपण लिहीत आहे. ‘फॉर्मल मॉडेल’ला मी ‘औपचारिक प्रतिमान’ म्हटले, तेव्हा एका विद्यार्थिनीने ‘म्हणजे नुसते रीत म्हणून काढलेले का?’ असे विचारले. तिची शंका मला रास्त वाटते.

वाईहून उत्तर:
शंका रास्तच आहे. ‘औपचारिक’च्या मुळाशी ‘उपचार’ आहे, आणि ‘आता केवळ औपचारिकता उरली’ असे आपण म्हणतो तेव्हा त्यात ‘नावापुरते’ अशी छटा असते. येथील अर्थ नेमका उलट आहे. प्रत्येक चिन्हाचा अर्थ आधीच बांधून दिलेला असल्यामुळे निष्कर्ष केवळ चिन्हांच्या मांडणीवरून, म्हणजे आकारावरून, काढता येतो. तर्कशास्त्रात ‘आकारिक’ हा शब्द याच अर्थाने रूढ आहे.

उदाहरणार्थ, एकाच ग्राहकाने कॉल वेटिंग (संभाषण चालू असताना आलेला नवा कॉल थांबवून ठेवणारी सेवा) आणि ‘फोन व्यग्र असल्यास कॉल दुसरीकडे वळवा’ अशा दोन्ही सेवा घेतल्या आहेत. दोन्हींची वर्णने स्वतंत्रपणे वाचली तर निर्दोष वाटतात. परंतु अवस्थांची आकृती काढली, की ‘संभाषण चालू’ या एकाच अवस्थेतून, ‘नवा कॉल आला’ या एकाच संकेतावर, दोन बाण दोन दिशांना निघालेले दिसतात, आणि हा संघर्ष सेवा सुरू होण्याआधीच संगणकालाही शोधता येतो. आंतरराष्ट्रीय तार व दूरध्वनी सल्लागार समितीने 1976 मध्ये एसडीएल (स्पेसिफिकेशन अँड डिस्क्रिप्शन लँग्वेज) ही चित्रभाषा शिफारशीच्या रूपाने मांडली, ती अशाच कामासाठी. एका अवस्थेतून दुसरीत जाण्याला ‘संक्रमण’ म्हणावे. मकरसंक्रमणातला अर्थ येथे तंतोतंत बसतो.

कराडहून आक्षेप:
शाळांमध्ये ‘आकारिक मूल्यमापन’ म्हणजे वर्षभर चालणारे, मुलाला घडवीत जाणारे मूल्यमापन. शिक्षक असलेला वाचक ‘आकारिक’ वाचून तिकडेच वळेल.

वाईहून:
हा आक्षेप वजनदार आहे. तेथे ‘आकार देणारे’ हा अर्थ आहे, येथे ‘आकारावर आधारलेले’. ‘आकारनिष्ठ’ म्हटले तर गोंधळ टळेल, आणि शब्द स्वतःच आपला अर्थ सांगेल. असे प्रतिमान आकृतीत मांडलेले असले, की त्याला ‘व्हिज्युअल’ही म्हणतात; त्यासाठी मात्र ‘दृश्य’ नको, कारण त्याने डोळ्यांपुढे नाटकातला प्रवेश उभा राहतो, ‘चित्ररूप’ बरा.

सांगलीहून:
‘चित्ररूप आकारनिष्ठ प्रतिमान’ असे लिहितो, आणि पहिल्या उल्लेखापाशीच दोन बाणांची ती आकृती देतो.