मदत हवी आहे: मे महिन्यात बसवलेली सागवानी दारं पावसात आवळली, ड्रॉवरही अडतोय

नमस्कार मंडळी,

सुतारकामातल्या जाणकारांनी जरा लक्ष घाला. राहायला नाशिकला, सिडकोत. माझं सुतारकाम फक्त रविवारचं, तेव्हा चुका ढोबळ असल्या तर सांभाळून घ्या.

तिवंध्याजवळचा मामांचा जुना वाडा उतरवला, त्यातल्या काही सागवानी फळ्या मला मिळाल्या. वरून काळ्याकुट्ट, पण रंध्याचे दोन हात मारले की आतून मधाचा रंग. कपाटाचा सांगाडा मिस्त्रींनी १९ मिमी प्लायमध्ये करून दिला आणि घरच्या लग्नाला गावी गेले ते गेलेच. म्हटलं, दारं आणि ड्रॉवर आपणच करू.

मधोमध उभी फळी, दोन्ही कप्पे आतून १८ इंची. वर दार, खाली ड्रॉवर. दारं सांगाड्याच्या आत बसणारी, साध्या पितळी बिजागऱ्यांवर. प्रत्येक दार तीन फळ्या जोडून केलंय, मागे दोन आडव्या पट्ट्या. पॉलिश फक्त दर्शनी बाजूला. आतून कोण बघतंय!

मे महिन्यात दोन्ही कडांना अर्धं-अर्धं सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) मोकळं ठेवून बसवली. इतकी सुबक की शेजारचे काका खास बघायला आले. जुलैत गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं त्या आठवड्यात डावं दार उघडेना. आता बुक्की मारून उघडावं लागतं. उजव्याची मोकळी कड पुढे आलीय.

डावा ड्रॉवर अर्धा छान जातो, मग घट्ट होतो. ड्रॉवर बाहेरून बरोबर १७ इंच, दोन्हीकडे टेलिस्कोपिक चॅनेल (ड्रॉवर सरकवणाऱ्या लोखंडी पट्ट्या). चॅनेल बदलून पाहिले, फरक नाही. उजवा थोडा खडखडतो, पण त्याची तक्रार नाही.

दारांना आत्ताच रंधा मारू की दिवाळीपर्यंत थांबू? ड्रॉवर नवा करावा लागेल का? शिवाय झिरो क्रँकच्या (सरळ हाताच्या) चार ऑटो, म्हणजे आपोआप मिटणाऱ्या, बिजागऱ्या घेऊन ठेवल्यात, त्या वापरता येतील का?

रंधेवाला:
सागवान इतर लाकडांपेक्षा कमी हलतं, पण हलतंच. लांबीत नाही म्हटलं तरी चालेल, रुंदीत हलतं. नाशिकच्या मे महिन्यातलं सुकलेलं लाकूड श्रावणापर्यंत १८ इंचांमागे सूतभर सहज फुगतं. तुम्ही सगळं मिळून सूतभरच जागा सोडली होती, ती भरली.

आत्ता रंधा मारा, पण बेतानं. लाकूड सगळ्यात फुगलेलं असताना जेमतेम पाव सूत मोकळं झालं की थांबायचं. उन्हाळ्यात फट आपोआप वाढणार आहे. बिजागरीच्या कडेला हात लावू नका. मोकळ्या कडेवरून घ्या आणि आतल्या बाजूला किंचित उतार द्या, म्हणजे दार बंद होताना आतली धार घासत नाही.

एक सांगा, मागच्या पट्ट्यांना फेविकॉल लावलाय का?

धागाकर्ता:
नाही, फक्त स्क्रू.

रंधेवाला:
मग वाचलात. मधला स्क्रू तसाच राहू द्या. कडेचे काढून पट्टीतली भोकं आडवी लांबट करा आणि वॉशर टाकून परत मारा, फार आवळू नका. आत्ता फळ्यांना हलायला वावच नाहीये. उजव्याची कड पुढे आली ती पॉलिशमुळे. उघडी पाठ दमट हवा पिते आणि पुढच्यापेक्षा जास्त फुगते. दिवाळीनंतर लाकूड सुकलं की पाठीला आणि वरखालच्या टोकांनाही पुढच्याइतकेच पॉलिशचे हात द्या.

पंचवटीकर:
ड्रॉवर नवा करू नका हो. १८ इंचात १७ इंची, म्हणजे चॅनेलला दोन्हीकडे चार-चार सूत. अगदी बरोबर. पण कप्पा मागे मोजलात का? डावा आत जाऊन अडतो आणि उजवा खडखडतो, हे एकाच चुकीचं लक्षण वाटतंय. मधली फळी मागच्या बाजूला डावीकडे गेली असणार.

बिजागऱ्यांचं म्हणाल तर झिरो क्रँक कडेची फळी पूर्ण झाकणाऱ्या दाराला, ८ क्रँक अर्धी झाकणाऱ्याला, १६ क्रँक आत बसणाऱ्या दाराला. तुमच्याकडे १६ क्रँकच्या लागतील आणि बिजागरीच्या वाटीसाठी ३५ मिमीचं भोक पाडावं लागेल. वाड्याच्या फळीत असं भोक बघवणार नाही, पितळीच राहू द्या. झिरोच्या दुकानदाराला परत करून टाका.

धागाकर्ता:
पंचवटीकर, साष्टांग नमस्कार! डावा कप्पा पुढे १८, मागे सूतभर कमी. उजवा मागे तेवढाच जास्त. कपाट ओढून मागची पाठ उघडली, तर मिस्त्रींची पेन्सिलची रेघ स्वच्छ दिसत होती आणि फळी तिच्या डावीकडे सरकलेली. मागचा खालचा स्क्रू मारायचाच राहून गेला होता. फळी रेघेवर आणून दोन स्क्रू मारले, डावा ड्रॉवर एका बोटानं आत गेला. आणि मी वेड्यासारखे चॅनेल बदलत बसलो होतो.

पट्टीचे स्क्रू सोडताना उजवं दार कट्‌कन वाजलं. जीवच गेला माझा, पण तडा नाही. कड बरीचशी मागे आलीय. डाव्या दाराला रविवारी हात घालतो, रंध्याचं पातं धार लावायला दिलंय.