अँबियंट संगीतासाठी सॉफ्ट सिंथ (कॉम्प्युटरवर चालणारा सिंथेसायझर) कोणता घ्यावा? मदत हवी आहे
नमस्कार मंडळी. हळूहळू रंग बदलत जाणारे लांब पॅड (मागे पसरलेले मऊ सूर) आणि ड्रोन (सतत चालणारे आधारसूर) करायचे आहेत, बीट जवळपास नाहीच. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, रेकॉर्डिंगसाठी रीपर हे सॉफ्टवेअर वापरतो.

सध्या व्हायटल आणि सर्ज एक्सटी हे सिंथ वापरून पाहतोय, दोन्ही फुकट मिळतात. व्हायटलमध्ये कोणता एलएफओ (आवाजात हळूहळू बदल करणारी लहर) काय हलवतोय ते डोळ्यांना दिसतं, म्हणून शिकायला सोपं गेलं. पण जीव अडकलाय तो सर्जमध्ये. त्यात स्काला फाइल (सुरांची अंतरं लिहिलेली फाइल) घालून सूर हवे तसे लावता येतात. शुद्ध गंधार षड्जाच्या ५/४ पट कंपनांवर, म्हणजे कीबोर्डच्या नेहमीच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट) खाली आणला, आणि षड्ज-पंचमाच्या ड्रोनवर तो असा विसावला की अर्धा तास ऐकतच बसलो.

अडचण अशी, की आईच्या तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग बारीक कण करून पसरवायचं आहे. असे कण करणारा सर्जचा निंबस इफेक्ट येणाऱ्या आवाजावर चालतो, मला मात्र फाइलमधली नेमकी जागा धरायची आहे. पिग्मेंट्स या सिंथमध्ये ग्रॅन्युलर (आवाजाचे कण करणारं) इंजिन आहे, पण ते विकत घ्यावं लागेल. माझ्या लॅपटॉपवर त्याचे तीन-चार ट्रॅक एकदम चालतील का? की प्रत्येक ट्रॅक फ्रीझ करावा (म्हणजे त्याचा तयार ऑडिओ करून ठेवावा) लागेल? कोणी तानपुरा किंवा स्वरमंडळ असं वापरलं असेल, तर ग्रेनची (कणाची) लांबी किती ठेवलीत तेही सांगा.