मदत हवी आहे: मावशीचे शिलाईचे पैसे अडकलेत, दावा लावायचा म्हणजे नक्की काय करायचं?

नमस्कार मंडळी, माझी मावशी पुण्यात धायरीत शिलाईकाम करते, पिंपरीच्या एका दुकानदाराला तिने २०२३ च्या दिवाळीआधी बरेच ड्रेस शिवून दिले, त्याचे ८५ हजार अजून आलेले नाहीत, नुसतं पुढच्या महिन्यात देतो चालू आहे. लेखी करार नाही पण वहीत त्याची सही आहे आणि व्हॉट्सॲपवर "देणार आहे" असे मेसेज आहेत.

एका वकिलांनी सांगितलं की नोटीस पाठवली म्हणजे केस सुरू झाली असं होत नाही, कोर्टात वादपत्र (म्हणजे दाव्याचा लेखी अर्ज) दाखल झालं की दावा सुरू. आणि मुदत ३ वर्षांची, नोटीस पाठवून ती थांबत नाही, म्हणूनच जीव टांगणीला लागलाय. मुदत संपायच्या आत त्याने लेखी कबूल केलं तर तिथून नव्याने ३ वर्षं मोजतात म्हणे, पण मग व्हॉट्सॲपचा मेसेज लेखी धरतात का?

दावा शिवाजीनगरला लावायचा की पिंपरी कोर्टात? कोर्ट फी साधारण किती पडेल? महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, तो अनुभव कोणी घेतलाय का? लोकअदालतीत मिटलं तर सगळ्यात बरं, पण दुकानदार आलाच नाही तर? मावशीने रात्र रात्र जागून केलेलं काम आहे हो ते, कोणाला माहिती असेल तर प्लीज सविस्तर सांगा.